पाद्र्याची भूमिका प्रथमच करणाऱ्यास
पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीत धान निघाले की मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस येतात आणि गावोगावी नाटकांचे मंच उभे राहतात. यंदा तुम्ही पाद्र्याची भूमिका करणार आहात, म्हणून हे लिहितो. आपला पाद्री कॅथलिक आहे की प्रोटेस्टंट, हे आधी लेखकाला विचारून घ्यावे, कारण कॅथलिक धर्मगुरू सहसा अविवाहित असतो, तर प्रोटेस्टंट पाळकाला पत्नी-मुले असू शकतात, आणि घरातल्या प्रवेशाचा सगळा भाव त्यावरच ठरतो. भाविकाच्या पापांची कबुली ऐकताना कॅथलिक पाद्री गळ्यात जांभळा पट्टा घालतो आणि ऐकलेले कोणालाही, अगदी न्यायालयालाही, सांगू शकत नाही. हे बंधन मनात पक्के असले, तरच नाटकातल्या खुन्याची कबुली ऐकल्यानंतरचे तुमचे मौन शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल. ते मौन घाईने संपवू नका. पायघोळ झगा तालमीपासूनच घालावा. पाद्र्याला तोतरे मराठी बोलायला लावून हशा मिळवणे मला मुळीच मान्य नाही. आपल्या विदर्भातले कितीतरी धर्मगुरू उत्तम मराठीत प्रवचन देतात. जवळच्या चर्चमध्ये परवानगी घेऊन एका रविवारी मागे बसावे आणि त्यांच्या हातांची संथ हालचाल नीट पाहावी.