पायथॉनमध्ये पूर्ण नावाची आद्याक्षरे एका ओळीत कशी काढायची?

तुमचा प्रश्न असा आहे की ‘विठ्ठल महादेव राऊत’ दिलं की तुमची पायथॉन कोडची ओळ ‘व. म. राऊत’ देते, हे बरोबर आहे का आणि आणखी छोटं लिहिता येईल का. ओळ चालते, उत्तर चूक आहे. विठ्ठलचं ‘वि.’ होतं. ‘व.’ म्हणजे वसंत, वामन, वैजनाथ, कोणीही. आणि आणखी छोटं कशाला हवं? याच एका ओळीपायी आमच्या घरचे 87,200 रुपये सहा आठवडे दुसऱ्याच्या खात्यात पडून होते.

2018चा कापसाचा हंगाम. दर्यापूर तालुक्यातल्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी वजनकाट्यावर बसायचो, आणि वजनाच्या चिठ्ठीचा प्रोग्रामही मीच लिहिला होता. छपाईचा रोल 58 मिलिमीटरचा. पूर्ण नाव त्यावर बसेना. मालक म्हणाले, आडनाव ठेवा, बाकीचं आखूड करा. मी पुण्याला साळ्याला फोन लावला. तो मोठ्या कंपनीत आहे. म्हणाला, “भाऊजी, दोन मिनिटांचं काम आहे. स्प्लिट करून शब्द सुटे करा, प्रत्येक शब्दाचं शून्यावं अक्षर घ्या (पायथॉन शून्यापासून मोजतं, म्हणजे पहिलंच), टिंब लावून जॉइन करा.” खरंच दोन मिनिटं लागली.

माझे बाबा त्र्यंबक श्रावण वानखडे. त्यांचे चुलतभाऊ, म्हणजे माझे काका, तुळशीराम शंकर वानखडे. प्रोग्रामच्या लेखी दोघंही ‘त. श. वानखडे’. बाबांनी चिठ्ठी हातात घेतली तेव्हाच विचारलं होतं, “हे ‘त’ कोन होय रे? माह्यं नाव तव्यावरून ठेवलं काय?” मी हसण्यावारी नेलं. बाबांचा कापूस 16 क्विंटल, भाव 5,450, त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव तेवढाच होता. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, गेला काकांच्या खात्यात.

काकांचं पीककर्ज थकलेलं. त्यातले काही पैसे तिथल्या तिथे कर्जात वळते झाले. त्यातून काका आणि बाबांचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद मी शाळेत होतो तेव्हापासूनचा, दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. काकांना विचारलं तर म्हणे, “मले वाटलं कर्जमाफीचे आले.” शेवटी तंटामुक्तीच्या अध्यक्षांना मध्ये घातलं. पैसे तीन तुकड्यांत परत आले. तोवर गहू पेरायला आईनं भिशीतून पैसे उचलले होते, ते ती अजून ऐकवते.

घोळ कुठे आहे ते सांगतो. ‘त्र्यंबक’ डोळ्यांना तीन अक्षरी दिसतो, पण पायथॉनला लांबी विचारली तर 8 येते. त, पाय मोडायची खूण, र, पुन्हा ती खूण, य, अनुस्वार, ब, क. शून्यावं घेतलं की फक्त त उरतो. ज्ञानेश्वरचा ज होतो, प्रल्हादचा प. मराठी माणूस असं लिहीतच नाही. प्र. के. अत्रे, पां. वा. काणे, आमच्या विदर्भाचे वि. भि. कोलते, इतिहासवाले त्र्यं. शं. शेजवलकर. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर, सगळं सोबत येतं.

म्हणून शब्दाचं पहिलं अक्षर घ्या. पुढे पाय मोडायची खूण असेल तर ती आणि तिच्या पुढचं व्यंजन घ्या, खूण संपेपर्यंत हेच करत राहा. मग लागून जी मात्रा आणि अनुस्वार असेल ते घ्या आणि थांबा. दहा-बारा ओळी होतात. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेवाल्यांना अक्षरं तोडून देणारा इंटल सेगमेंटर तयार मिळतो, पण जोडाक्षर एकत्र धरायचा नियम युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सगळ्या लिप्या साठवायच्या मानकात, 2023 साली, 15.1 आवृत्तीत आला. त्याआधीची जुनी लायब्ररी प्र चे प् आणि र असे दोन तुकडे करते, तेव्हा तपासून घ्या. आणि यादी कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा. कृतीदेवात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, तुमच्या विठ्ठलचं आद्याक्षर म्हणून नुसती वेलांटी येईल.

साळ्याचं म्हणणं अजून हेच, की नावं इंग्रजीत ठेवली असती तर ही वेळच आली नसती. दर दिवाळीला ऐकतो. आता एकदा लिहूनच टाकतो: इंग्रजीत त्र्यंबक श्रावण म्हणजे टी. एस. आणि तुळशीराम शंकर म्हणजे पण टी. एस. मराठीत नीट काढलं तर त्र्यं. श्रा. आणि तु. शं., आंधळ्यालाही फरक कळेल. शिवाय आमच्या गावात ज्ञानेश्वर नावाचा एक जण पासबुकावर डी आहे आणि आधारवर जी. त्याचं काय करायचं, ते इंग्रजीवाल्यांनी सांगावं.

एक मात्र कबूल करतो. चुकाऱ्याची जुळवणी आद्याक्षरांवरून करणं हा गाढवपणा माझाच होता, साळ्यानं ते सांगितलं नव्हतं. रा. ना. काळे एकाच गावात चार निघतात. आद्याक्षरं फक्त छापायला, जुळवणी खाते क्रमांकावर. आणि सरकारी याद्यांत आडनाव बहुतेक वेळा आधी असतं, म्हणजे ‘राऊत विठ्ठल महादेव’. तुमची ओळ त्याचं ‘र. व. महादेव’ करेल. क्रम आधी पाहा.

शब्द तीनच असतील असंही धरू नका. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आपल्या राज्यात आईचं नाव पण लागतं: मुलाचं, आईचं, बापाचं, मग आडनाव. साळ्याला मागच्या वर्षी मुलगी झाली. परवा त्याचा फोन, की कुठल्याशा फॉर्ममध्ये नावाला तीनच रकाने आहेत, आईचं नाव मधल्यात टाकू की पहिल्यात जोडू, आणि आद्याक्षरं मग किती धरायची?

मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे.