एका रात्रीच्या गाडीसाठी ठेव मोडावी का?

प्रश्न: दोन वर्षांत निवृत्त होतेय. व्हेनिसहून पॅरिसला जाणाऱ्या 'व्हेनिस सिम्प्लॉन ओरिएंट एक्सप्रेस' या आलिशान रेल्वेगाडीतून एकदा यजमानांबरोबर जायची फार इच्छा आहे. आजारपणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून तिकिटं काढू का? मुलगा म्हणतो, एका रात्रीसाठी ही उधळपट्टी आहे.

ताई, जरूर जा. पण ही ठेव मोडून नको.

मुलाने हिशेब प्रवासाचा केला, आणि नुसतं पोचायचं असेल तर तो चुकत नाही. तुम्ही पैसे देताय ते डब्यांसाठी. हे डबे १९२०-३०च्या दशकांतले आहेत. उद्योजक जेम्स शेरवूड यांनी १९७७ मध्ये मॉन्टे कार्लोच्या लिलावात त्यातले दोन घेतले, मग आणखी शोधून दुरुस्त करवले आणि १९८२ मध्ये गाडी सुरू केली. असे डबे पुन्हा बनणार नाहीत, त्यामुळे पुढे भाडं उतरेल म्हणून थांबू नका.

खरा प्रश्न आहे तो कोणता कक्ष घ्यायचा हा. जुन्या कक्षात दिवसा सोफा असतो, रात्री त्याचे वर-खाली दोन बर्थ होतात. कोपऱ्यात हात-तोंड धुवायला बेसिन. शॉवर नाही, टॉयलेट डब्याच्या टोकाला. गरम पाण्यासाठी डब्यात अजून कोळशाची शेगडी पेटते! यजमानांचे गुडघे दुखतात आणि रात्री त्यांना उठावं लागतं, असं तुम्ही लिहिलंय. शिडी चढून वर तुम्ही झोपणार असाल आणि बोळातून टॉयलेटपर्यंत जाणं त्यांना चालणार असेल, तर हाच कक्ष घ्या. स्वतंत्र बाथरूमवाला महागडा कक्ष, म्हणजे 'सूट', हवाच असेल, तर माझं उत्तर 'नको' असं आहे. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांनुसार जुन्या कक्षासह सगळी सहल तुमच्या बचतीच्या सहा टक्क्यांत बसते, सूट घेतला तर पाचवा हिस्सा जातो. निवृत्तीच्या तोंडावर तो भरून काढायला पगारच उरत नाही.

आजारपणाची ठेव मोडली तर व्याजाला कात्री लागेलच, शिवाय गरज पडली त्या दिवशी हात रिकामा असेल. मार्चमध्ये तुमचं गृहकर्ज फिटतंय. तोच हप्ता एप्रिलपासून आवर्ती ठेवीत टाका, पंधरा महिन्यांत मोठा भाग जमेल. उरलेला येत्या दोन बोनसमधून. हे पैसे शेअर बाजाराच्या फंडात घालू नका, कारण तारीख ठरलेली आहे आणि बाजार तिच्यासाठी थांबत नाही. निवृत्तीनंतर जाऊ म्हणून पुढेही ढकलू नका, गुडघे आज जेवढी साथ देतात तेवढी तेव्हा देतीलच असं नाही.

भाडं परकीय चलनात असल्यामुळे रुपया घसरेल हे धरून दहा टक्के जास्त ठेवा. गाडीतलं जेवण भाड्यातच आहे. दोन्ही टोकांची हॉटेलं आणि संध्याकाळच्या जेवणाला लागणारे ठेवणीतले कपडे मात्र वेगळे धरा. सहल कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर वर टीसीएस (कंपनी आपल्याकडून आधीच गोळा करते तो आयकर) द्यावा लागेल. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण आधी हाताशी हवा.

आगाऊ रक्कम भरण्याआधी तिकीट रद्द केल्यास किती परत मिळतं, ते लेखी मागून घ्या.