रोलप्लेमध्ये मला माहीत असलेली गोष्ट माझ्या कॅरेक्टरला माहीत नाही, असं खेळायचं तरी कसं?

तुमचा प्रसंग मला समजला तो असा. तुम्ही जीटीए आरपीच्या (ग्रँड थेफ्ट ऑटो या गेममध्ये पात्र बनून खेळायच्या रोलप्लेच्या) एका सर्व्हरवर पोलिसाचं पात्र करता. ड्यूटी नसलेल्या रात्री मित्राचा स्ट्रीम, म्हणजे त्याच्या खेळाचं थेट प्रक्षेपण, बघत बसलात. त्यात त्याच्या टोळीने गेममधल्या फ्लीका बँकेतून लुटलेला माल ग्रेपसीड गावातल्या एका शेतावरच्या कोठारात लपवला. दुसऱ्या दिवशी गस्तीवर असताना तुमची गाडी 'सहज' तिकडे वळली, माल सापडला आणि अ‍ॅडमिनने मेटागेमिंगची, म्हणजे खेळाडूला खेळाबाहेर कळलेली माहिती पात्रासाठी वापरल्याची, वॉर्निंग दिली. आता तुम्ही विचारताय की पाहिलेलं डोक्यातून काढायचं कसं.

ते काढता येत नाही, आणि त्या नादाला लागूही नका. मी बरीच वर्षं अशाच एका सर्व्हरवर डॉक्टरचं पात्र करतोय आणि खेळाडूंच्या तक्रारी ऐकायलाही बसतो. माझ्या पाहण्यात विसरायचा प्रयत्न करणारे खेळाडूच सगळ्यात जास्त घसरतात. माहिती डोक्यात राहणारच. फक्त तिच्या जोरावर पात्राने पाऊल उचलायचं नाही, एवढं जमलं की झालं.

यासाठी सगळीकडे एकच सल्ला मिळतो: 'माझ्या पात्राला हे कसं कळलं?' असं स्वतःला विचारा. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे, कारण मन या प्रश्नाचं उत्तर तयार करून देतं. गस्तीवर होतो. संशय आला. जुना पोलीस आहे, वास येतो. तुमचं 'सहज' हे असंच एक उत्तर होतं, आणि त्या क्षणी ते तुम्हाला खरंही वाटलं असणार.

मी दुसरा प्रश्न विचारतो: ही माहिती माझ्यापर्यंत पोचू नये म्हणून समोरच्या पात्राला काही करता आलं असतं का?

तुमच्याच दरोड्याला हा प्रश्न लावून बघा. समजा कोणीतरी गाडीचा नंबर टिपला आणि त्यावरून तुम्ही कोठारापर्यंत पोचलात. दरोडेखोराला नंबरप्लेट बदलता आली असती. समजा पेट्रोल पंपावरच्या माणसाने टोळीला उत्तरेकडे जाताना पाहिलं. त्यांना आडवाटेने जाता आलं असतं. समजा एकाने दारू पिऊन बढाई मारली. तोंड बंद ठेवता आलं असतं. या तिन्ही वाटांनी तुम्ही आला असतात तर पकडला गेलेला खेळाडू हळहळला असता, पण चिडला नसता. उलट 'अरे, प्लेट बदलायला हवी होती' म्हणत त्याने तो किस्सा महिनाभर सांगितला असता. स्ट्रीमवरून आलेल्या पोलिसापुढे मात्र त्याच्या पात्राने काहीही केलं असतं तरी उपयोग नव्हता. हातमोजे, मुखवटा, चोरीची गाडी, सगळं वाया. त्याचा राग हरल्याचा नाहीच, त्याची सगळी आखणी निरर्थक ठरल्याचा आहे. 'मग स्ट्रीम बंद ठेवायचा होता' हे म्हणणं इथे लागू होत नाही. स्ट्रीम मित्र करतो, त्याचं पात्र करत नाही.

आता दुसरी चूक, जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. वॉर्निंग मिळाली की खेळाडू दुसऱ्या टोकाला जातो. इथून पुढे तुमचा पोलीस ग्रेपसीडला फिरकणारच नाही. कोणी तिकडचा पत्ता दिला तरी टाळेल. पण तेही मेटागेमिंगच आहे, कारण पात्राचं वागणं अजूनही तुम्ही पाहिलेल्या स्ट्रीमवरच चाललंय. हा पेच जुना आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून खेळायचा रोलप्ले खेळ १९७४ साली आला, आणि त्यातला ट्रोल हा राक्षस हे याचं ठरलेलं उदाहरण. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ट्रोलला स्वतःच्या प्रत्येक पाळीला १० हिट पॉइंट, म्हणजे गेलेला जीव, परत मिळतात. आगीने किंवा अ‍ॅसिडने इजा झाली तर पुढच्या पाळीला ते मिळत नाहीत. जुन्या खेळाडूंना हे तोंडपाठ असतं. मग पहिल्यांदाच ट्रोल पाहणारं त्यांचं पात्र मशाल हातात घेतं, तेव्हा सगळे भुवया उंचावतात. पण ज्या पात्राच्या हातात दोन तासांपासून मशालच आहे, त्याने ती मुद्दाम खाली ठेवून तलवार उपसली तर? तेही तितकंच खोटं आहे. मशाल हातात होती तर मारा मशालीने. पात्राने एरवी जे केलं असतं, तेच करायचं.

अर्थात, एरवी काय केलं असतं हे एकदा माहिती मिळाल्यावर प्रामाणिकपणे ठरवणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून निर्णय स्वतःकडे ठेवू नका. तुमच्यासारख्या प्रसंगात सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे केस दुसऱ्या अधिकाऱ्याला देणं. गेममध्ये कारण काहीही सांगा: रजा आहे, दुसरी केस आहे. आणि फाइलमध्ये आहे तेवढंच त्याला द्या. तुमच्या चेहऱ्यावरून त्याने काही ओळखावं असं बोलू नका. केस देणं शक्य नसेल तर गस्तीचा रस्ता जोडीदाराला ठरवू द्या, किंवा सर्व्हरवर फासे टाकायची कमांड असेल तर फासे टाका. फाशांनी ग्रेपसीड दिलं तर बिनधास्त जा, पण कोठाराचं दार उघडायला पात्राकडे कारण आहे का, हे तिथेही बघा.

कोकणातले दशावतारी कलाकार हे काम रोज रात्री करतात. त्यांच्या हातात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं, कोणाच्या वाट्याला कुठली भूमिका, एवढं ठरतं आणि संवाद रंगमंचावरच सुचतात. राक्षस झालेल्या नटाला आपण शेवटी मरणार हे माहीत असतं, समोर बसलेल्या अख्ख्या गावालाही माहीत असतं. तरी तो देवाला आव्हान देताना तसूभरही कचरत नाही. शेवट विसरल्यामुळे हे साधत नाही. त्या क्षणी राक्षसाला काय हवंय, याच्याकडे त्याचं सगळं लक्ष असतं. तुमच्या पोलिसाला त्या सकाळी काय हवं होतं? प्रमोशन? कमी कटकटीची ड्यूटी? बँकेतल्या घाबरलेल्या कॅशियरला दिलेला शब्द पाळायचा होता? याचं उत्तर तयार असलं की स्ट्रीमवर पाहिलेलं आपोआप मागे पडतं. ज्या पात्राला स्वतःचं काहीच हवं नसतं, ते खेळाडूच्या माहितीवर चालायला लागतं.

आता एक कंटाळवाणी पण उपयोगी सवय. पात्राची वही ठेवा. साधी नोट्सची फाइल चालेल. त्यात पात्राला जे कळलं तेच लिहायचं, आणि प्रत्येक ओळीपुढे कोणाकडून कळलं ते. तुमच्या केसची वही अशी दिसली असती:

'काळी सुल्तान गाडी, प्लेटची सुरुवात ८२ – बँकेबाहेर उभ्या असलेल्या बाईने सांगितलं.'
'तिघेजण, एक लंगडत होता – बँकेच्या कॅशियरने सांगितलं.'
'माल कुठे – माहीत नाही.'

तिसरी ओळ लिहायला सगळ्यात जड जाते आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. आज काय करायचं हे ठरवताना ही वही उघडायची, डोकं नाही. जिच्यापुढे नाव लिहिता येत नाही, ती माहिती तुमची आहे, पात्राची नाही.

अजून काही ठिकाणी पाणी मुरतं. स्क्रीनवर प्रत्येकाच्या डोक्यावर दिसणारा खेळाडूचा आयडी नंबर पात्राला दिसत नाही. मुखवट्याआडचा आवाज ओळखीचा असला तरी बऱ्याच सर्व्हरवर नुसत्या आवाजावरून ओळख पटवू देत नाहीत, तुमचे नियम बघून घ्या. डिस्कॉर्डवर (गेमबाहेर गप्पा मारायच्या अ‍ॅपवर) कॉल चालू ठेवून खेळू नका, कारण गेममधला आवाज अंतराप्रमाणे ऐकू येतो आणि डिस्कॉर्डवर मैलभर लांबचा जोडीदारही कानात बोलतो. ज्यांच्याशी तुमच्या पात्राचा सामना आहे त्यांचे स्ट्रीम, केस चालू असेपर्यंत, बघूच नका. मित्राचाही फायदा आहे, त्यालाही मोकळेपणाने खेळता येतं.

माझ्या हॉस्पिटलात सगळ्यात जास्त गोंधळ असतो तो न्यू लाइफ रूलचा. पात्र मेलं आणि पुन्हा उभं राहिलं की मरणापर्यंत नेणारा प्रसंग ते विसरतं. किती विसरायचं हे सर्व्हरगणिक बदलतं. नुसता बेशुद्ध झालेला पेशंट असेल तर त्याला आठवणारच, पण तेवढंच, जेवढं त्याने पाहिलं. पेशंट डोळे उघडतो आणि थेट मारणाऱ्याचं नाव घेतो. ते नाव त्याने आयडीवरून शोधून काढलेलं असतं. अशा वेळी मी सीन थांबवत नाही. डॉक्टर म्हणूनच विचारतो, "तुम्ही चेहरा पाहिलात का?" चांगला खेळाडू असेल तर क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "नाही डॉक्टर, मागून आला. बूट पांढरे होते, एवढं दिसलं." झालं. आता पोलिसांना शोधायला पांढरे बूट आहेत, आणि ते बूट फेकून द्यायची संधी मारणाऱ्यालाही आहे. समोरचा मेटागेमिंग करतोय असं वाटलं तर आधी असा एक प्रश्न टाकून बघा. बहुतेक जण तिथेच सावरतात. नाहीच ऐकलं तर सीन शेवटपर्यंत खेळा, क्लिप ठेवा आणि नंतर रिपोर्ट करा. मध्येच खेळ तोडून भांडलात तर तिथे असलेल्या बाकीच्या चौघांची रात्र वाया जाते.

राहिली तुमची केस. वॉर्निंगवर वाद घालू नका, ती योग्य आहे. अ‍ॅडमिनला स्वतःहून सांगा की तो सीन व्हॉइड करा, म्हणजे घडलाच नाही असं धरा: माल परत कोठारात, अटक रद्द, आणि तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे. मित्रालाही सांगा, पण डिस्कॉर्डवर मेसेज करून. गेममध्ये गाठून सांगू नका, त्याच्या पात्राला तर यातलं काहीच माहीत नाही.