पत्रकं राहू देत, आधी पाहुणी हो

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तरुण संघाने कार्यक्रमाची एवढी तयारी केली, गाणी बसवली, पत्रकं वाटली, आणि शेवटी सभागृहात आपल्याच नाहीतर शेजारच्या मंडळ्यांमधली, म्हणजे चर्चमधलीच, माणसं दिसली. तुला वाईट वाटणारच. पुढच्या वेळी पत्रक कसं लिहावं म्हणजे बाहेरचे लोक येतील, असं तू विचारतेस. पत्रकाबद्दल मला फारसं काही सांगता येणार नाही. मला तुझ्या पत्रातली दुसरीच ओळ टोचली. बोलवायला ओळखीचं असं कोणी नव्हतंच, म्हणून अनोळखी लोकांना पत्रकं दिली, असं तू सहज लिहून गेलीस.

हे तुझ्या एकटीचं नाही. प्रभू येशूला जीवन दिलं की माणूस मंडळीत रमतो आणि रमावंच. पण मग रविवारी उपासना, मधल्या वारी बायबल अभ्यास, एक दिवस प्रार्थनासभा, एक दिवस गाण्याचा सराव असं करता करता आठवडा भरून जातो. जुन्या मैत्रिणींशी भांडण झालेलं नसतं, त्यांच्यासाठी वेळच उरत नाही. चार-पाच वर्षांनी पाहावं तर फोनमधली सगळी नावं मंडळीतलीच. १९७४ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात दीडशेहून अधिक देशांतले ख्रिस्ती पुढारी जमले होते. जगभर सुवार्ता, म्हणजे येशूची शुभवार्ता, कशी पोहोचवायची हाच विषय होता. त्यांच्या जाहीरनाम्यात स्वतःच्याच लोकांना उद्देशून एक स्पष्ट वाक्य आहे: मंडळीच्या बंदिस्त वस्त्यांतून बाहेर पडून आपण समाजात मिसळलं पाहिजे. पन्नास वर्षं होऊन गेली, तरी ते वाक्य आजही आपल्यालाच बोलल्यासारखं वाटतं.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की लोकांना आपल्याकडे बोलवायचा विचार काही काळ बाजूला ठेव. तू त्यांच्याकडे जा. आणि जाताना काहीतरी द्यायला निघालेल्या माणसासारखी जाऊ नकोस.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभूने सत्तर जणांना पाठवलं ते आठव. पिशवी नको, झोळी नको, ज्या घरी घेतील तिथे राहा, पुढ्यात वाढतील ते खा. म्हणजे शिष्य त्या गावांत पोहोचले ते दुसऱ्यांच्या आधारावर. सुवार्ता सांगणाऱ्यालाच जेवणासाठी आणि रात्रीच्या निवाऱ्यासाठी समोरच्याची गरज होती. प्रभू स्वतःही असाच वागला. सूखार गावच्या विहिरीवर तो दमून बसला होता, भर दुपार होती, पाणी काढायला पोहरासुद्धा नव्हता. शोमरोनी, म्हणजे परक्या समाजातल्या, स्त्रीशी त्याने बोलायला सुरुवात केली ती मला प्यायला दे असं म्हणून. जीवनाच्या पाण्याचा विषय नंतर आला.

आपल्याला मंडळीत देण्याचीच सवय लागलेली असते. कपडे द्या, धान्य द्या, सल्ला द्या, प्रार्थना करा. चांगलं आहे ते. पण जो सतत देतच राहतो त्याच्याशी लोक आदराने वागतात, मोकळे होत नाहीत. एखाद्या शेजारणीकडून तू काही शिकलीस, अडचणीत तिची मदत मागितलीस, तिच्या घरच्या कार्यात आनंदाने हजर राहिलीस, तर तिला तुझ्यासाठी काहीतरी करता येईल. मैत्री तिथे सुरू होते. तू विचारशील की अशा कार्यात एखादा विधी आपल्या विश्वासात बसत नसेल तर काय. तेवढ्यापुरतं नम्रपणे बाजूला थांब, आणि का थांबलीस ते कोणी विचारलं तर सरळ सांग. लोकांना हे समजतं. त्यांना दुखावतं ते आपलं न येणं.

आता प्रभूचा शिष्य पेत्र याच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुला लागणारं बरंचसं प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दहाव्या आणि अकराव्या अध्यायात आहे. कर्नेल्य हा रोमी शताधिपती, म्हणजे सैन्यातला अधिकारी, कैसरीयात राहणारा आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेला. पेत्र यापोला, शिमोन चांभाराच्या घरी. तिथे पेत्राला देवाकडून दृष्टान्त, म्हणजे दर्शन, झाला, तोही एकदा नव्हे, तीनदा. प्रभूबरोबर वर्षानुवर्षं फिरलेल्या माणसालाही आपल्या लोकांच्या कुंपणापलीकडे पाऊल टाकायला देवाने तीनदा सांगावं लागलं, तर तुझ्या संघातल्या मुलांना भीती वाटते यात नवल काय? त्यांच्यावर चिडू नकोस. पुढे पेत्र निघाला तेव्हा त्याने यापोतले काही बंधू बरोबर घेतले, ते सहाजण होते हे अकराव्या अध्यायात कळतं. एकट्याने जाण्यापेक्षा हे बरं. तूही कोणाला तरी सोबत घे. कर्नेल्याच्या घरी पवित्र आत्मा उतरला, बाप्तिस्मे झाले, आणि नंतर त्या घरच्यांनी पेत्राला आणखी काही दिवस राहायची विनंती केली.

यरुशलेमात परतल्यावर त्याच्यावर ठपका आला तो नीट वाच. तू परराष्ट्रीयांना वचन का सांगितलंस, असं कोणी म्हटलं नाही. तू त्यांच्या घरात गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास, हा आक्षेप होता. भाषण लोक खपवून घेतात, पंगत खपवून घेत नाहीत. तूही बाहेरच्या लोकांत मिसळू लागलीस की पहिली कुरकुर बहुधा मंडळीतूनच येईल. हल्ली दिसत नाहीस, थंड पडलीस का, कोणाच्या संगतीत असतेस, असं विचारतील. पेत्र रागावला नाही. त्याने झालेला प्रकार पहिल्यापासून क्रमाने सांगितला आणि त्या सहा जणांकडे बोट दाखवलं. ऐकून लोक शांत झाले आणि त्यांनी देवाचं गौरव केलं. म्हणून लपवाछपवी करू नकोस. जे घडतंय ते प्रार्थनासभेत सांगत राहा, मात्र मैत्रिणींची नावं आणि त्यांच्या घरच्या गोष्टी तिथे मांडू नकोस. त्यांनी त्या तुझ्यापाशी विश्वासाने बोललेल्या असतात.

याच संदर्भात एक गोष्ट मी फार गंभीरपणे सांगतो. मैत्रीला गळ बनवू नकोस. एखादी आजारी आहे, कर्जात आहे, घरात एकटी पडली आहे, म्हणून तिच्या त्या अवस्थेचा फायदा घेऊन विश्वासाकडे वळवायचं, हे प्रभूच्या रीतीला धरून नाही. २०११ मध्ये जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनचा आंतरधर्मीय संवाद विभाग आणि जागतिक इव्हॅन्जेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून ख्रिस्ताविषयी साक्ष कशी द्यावी याबद्दल एक निवेदन काढलं. एरवी या तिघांचं अनेक बाबतींत पटत नाही. पण प्रलोभन दाखवून किंवा गरिबीचा आणि गरजेचा गैरफायदा घेऊन कोणाला वळवू नये, यावर त्यांचं एकमत झालं. तिच्यासाठी प्रार्थना करावीशी वाटली तर आधी विचार, करू का म्हणून. नको म्हणाली तर घरी येऊन कर.

मग साक्ष द्यायचीच नाही का? द्यायची, पूर्ण मनाने द्यायची. पेत्रानेच आपल्या पहिल्या पत्रात लिहिलं आहे की आपल्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असावं, आणि ते सौम्यतेने द्यावं. म्हणजे समोरच्याने विचारावं इतपत आपलं जगणं त्याच्या नजरेसमोर हवं. आणि विचारलं की मंडळीच्या ठेवणीतल्या शब्दांत उत्तर देऊ नकोस. प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते आईला सांगशील तसं सांग. प्रेषित पौल अथेनैत, म्हणजे अथेन्समध्ये, आधी शहरभर फिरला, त्यांच्या वेद्या निरखून पाहिल्या, त्यांच्याच कवींची ओळ उच्चारली, आणि तरी पुनरुत्थान वगळलं नाही. काहींनी थट्टा केली, काही पुन्हा ऐकू म्हणाले. दिओनुस्य, दामारी आणि आणखी थोडेजण विश्वासात आले, एवढंच. पौलाच्या वाट्याला एवढं आलं, तर तू सभागृहातल्या रिकाम्या खुर्च्या मोजत बसू नकोस.

मंडळी म्हणून काही करायचं असेल तर उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या सिप्रियनकडे पाहा. इसवी सन २५२ च्या सुमारास तिथे भयंकर साथ आली. थोड्याच काळापूर्वी ख्रिस्ती लोकांचा छळ झाला होता. तरी या बिशपने आपल्या माणसांना सांगितलं की फक्त आपल्यांची शुश्रूषा करण्यात विशेष काही नाही. पुढे ३६२ मध्ये जुना धर्म पुन्हा उभा करू पाहणाऱ्या रोमी बादशहा ज्युलियनने तक्रार केली की हे गालीली, म्हणजे ख्रिस्ती, लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात. तुमच्या वस्तीत रक्तदानाचं, मुलांना शिकवण्याचं, रुग्णांना भेटण्याचं काम दुसरं कोणी आधीच करत असेल. आपल्या नावाचा वेगळा फलक लावू नका. त्यांच्यात सामील व्हा आणि सतरंज्या घालायचं काम मागून घ्या.

वेळेचं काय, हा तुझा प्रश्न मी टाळत नाही. काहीतरी सोडावं लागेल. उपासना आणि बायबल अभ्यास सोडू नकोस, ती तुझी मुळं आहेत. पण दोन समित्या आणि गाण्याचा गट हे सगळं एकाच मुलीने का सांभाळावं? एक समिती सोड. आधी पाळकसाहेबांना भेट, कारण सांग आणि तुझ्या जागी कोण येईल हेही सुचव. त्यांनी नाराजी दाखवली तर मला कळव, मी त्यांच्याशी बोलेन. मोकळ्या झालेल्या त्या संध्याकाळी नवा कार्यक्रम मात्र घेऊ नकोस. ज्या मैत्रिणीशी तुझं बोलणं थांबलं आहे तिला फोन कर आणि तिच्याकडे जा.

तुझा,
प्रभूच्या सेवेतला