शिकलेलं एक्सेल हातात राहण्यासाठी

प्रश्न : अंबडच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. तीन शिफ्टच्या तीन एक्सेल फाइली रोज सकाळी कॉपी-पेस्ट करून एक तक्ता करावा लागतो, त्यात पाऊण तास जातो. कंपनीने पॉवर क्वेरी (फाइली आपोआप आणून जोडणारी एक्सेलमधली सोय) आणि मॅक्रो (एकदा रेकॉर्ड केलेलं काम पुन्हा करून देणारी सोय) यांचं दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं. वर्गात सगळं जमलं. महिन्याभराने करायला बसलो तर काहीच सुचेना. पुन्हा ट्रेनिंग मागू का?
— एक वाचक, अंबड, नाशिक

उत्तर : नका मागू. वर्गात फाइल ट्रेनरची होती, नीटनेटकी होती आणि पुढचं बटण कोणतं हे ते सांगत होते. ठरवायची वेळ तुमच्यावर आलीच नाही. शिवाय मध्ये महिना गेला. शिकलेलं सुरुवातीच्या काही दिवसांतच सर्वांत वेगाने निसटतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिलं होतं.

मॅक्रो सध्या बाजूला ठेवा. तुमच्या कामाला पॉवर क्वेरी पुरते. तिन्ही फाइली एका फोल्डरमध्ये ठेवा. नव्या कोऱ्या फाइलमध्ये डेटा टॅबवरून गेट डेटा, फ्रॉम फाइल, फ्रॉम फोल्डर असं जा आणि कम्बाइन अँड ट्रान्सफॉर्म निवडा. दुसऱ्या दिवसापासून फोल्डरमधल्या फाइली बदलायच्या आणि रिफ्रेश ऑल दाबायचं, एवढंच काम उरतं.

अडतं ते पुढच्या ठिकाणी, आणि वर्गात नेमकं हेच दिसत नाही. रात्रपाळीच्या फाइलमध्ये शीटचं नाव वेगळं असेल, तर क्वेरीला, म्हणजे तुम्ही बांधलेल्या या जोडणीला, ती शीट सापडत नाही आणि एरर येते. कुणी ‘नग’ या हेडिंगचं ‘एकूण नग’ केलं, तरी एरर येते किंवा त्या फाइलचा तो कॉलम रिकामाच येतो. कारण क्वेरी कॉलम नावाने शोधते, जागेने नाही. म्हणून तिन्ही शिफ्टना एकच कोरा नमुना द्या आणि हेडिंगची ओळ लॉक करा. एखादी फाइल कुणी उघडी ठेवली असेल, तर ~$ ने सुरू होणारी एक लपलेली फाइल फोल्डरमध्ये तयार होते आणि क्वेरी कधीकधी तीही उचलते. फाइलच्या नावाच्या कॉलमला ‘~$ ने सुरू होत नाही’ असा फिल्टर लावून ठेवा. आणि तयार तक्त्याची फाइल त्याच फोल्डरमध्ये अजिबात ठेवू नका, नाहीतर क्वेरी तीही जोडायला जाईल.

आता लक्षात राहण्याचं. एकदा जमलं की दुसऱ्या दिवशी वही मिटून, कोऱ्या फाइलपासून तेच पुन्हा करा. अडलात तर दोन मिनिटं स्वतः आठवून बघा, मगच वही उघडा. असंच पुढे तीन दिवसांनी, आठवड्याने आणि पंधरा दिवसांनी करा. रोज नुसतं रिफ्रेश दाबलं तर क्वेरी चालेल, पण ती बांधायची कशी हे तुम्ही विसराल. वहीत बटणांची यादी नको. कोणती एरर आली, का आली, कशाने गेली, एवढं एकेका ओळीत लिहा. क्वेरीच्या उजवीकडच्या पायऱ्यांना राइट क्लिक करून ‘रिकाम्या ओळी काढल्या’ अशी मराठी नावं द्या. सहा महिन्यांनी उघडलं तरी काय केलं होतं ते वाचता येईल. पहिले पंधरा दिवस जुन्या पद्धतीचाही तक्ता करा आणि दोन्हींची बेरीज जुळवून बघा.

प्रश्न : आमच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षांच्या आवकेची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची) फाइल येते. ५ मार्चची आवक ३ मेमध्ये दिसते, १३ तारखेपासून पुढे मात्र एरर येते. असं का?
— एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : तुमचा कॉम्प्युटर अमेरिकी पद्धतीने आधी महिना वाचतो आहे. तेरावा महिना नसतो, म्हणून तिथून पुढे एरर. पॉवर क्वेरीने आपोआप घातलेली ‘चेंज्ड टाइप’ ही कॉलमचा प्रकार ठरवणारी पायरी आधी काढा. ती राहिली तर तारीख अगोदरच उलटलेली असते आणि पुढचा उपाय फुकट जातो. मग तारखेच्या कॉलमवर राइट क्लिक करून चेंज टाइप, यूजिंग लोकेल, तिथे डेट आणि इंग्लिश (इंडिया) निवडा. सीएसव्ही डबल क्लिकने उघडून सेव्ह करू नका, त्यातही तारखा उलटतात.

तुमचं काम हंगामी, म्हणजे मध्ये कित्येक महिने हे हाताखालून जाणारच नाही. गेल्या हंगामाच्या दहा-बारा फाइली जपून ठेवा आणि दिवाळीनंतर त्यांवर क्वेरी दोनदा पहिल्यापासून बांधा. ट्रक दारात उभा असताना आठवत बसणं फार महागात पडतं.

प्रश्न : रेकॉर्ड केलेला मॅक्रो दरवेळी त्याच ओळीवर चालतो.
— एक वाचक, सातपूर

उत्तर : रेकॉर्ड करण्याआधी डेव्हलपर टॅबवर ‘यूज रिलेटिव्ह रेफरन्सेस’ चालू करा, म्हणजे मॅक्रो ठरावीक ओळीऐवजी तुम्ही निवडलेल्या जागेपासून चालेल. फाइल मॅक्रो-एनेबल्ड प्रकारातच सेव्ह करा, साध्या एक्सेल फाइलमध्ये मॅक्रो राहत नाही. मॅक्रोने केलेला बदल कंट्रोल-झेडने मागे घेता येत नाही, तेव्हा आधी फाइलच्या कॉपीवर चालवून बघा.