चिनी भाषिक विद्यार्थ्याने इंग्रजीचा सराव कुठून सुरू करावा?

क्रियापदाचे काळ आणि 'अ', 'द' ही आर्टिकल्स इथूनच सुरू करा, पण नुसती व्याकरणाची गाइडं सोडवत बसू नका. वाचन आणि लेखन एकत्र करा. मी मँडरिन (प्रमाण चिनी भाषा) शिकवतो, त्यामुळे घोळ कुठे होतो ते रोज दिसतं. मँडरिनमध्ये क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. 'छ्यू' म्हणजे जाणे, मग काल असो वा उद्या. म्हणून 'यस्टरडे आय गो' असं बिनदिक्कत लिहिलं जातं. आर्टिकल्स तर नाहीतच (मराठीतही नाहीत, आपणही तिथेच घसरतो). 'ही' आणि 'शी' या दोन्हींना बोलताना एकच 'था'. शिवाय आपल्या 'जरी–तरी'सारखी जोडी तिकडेही आहे, त्यामुळे 'ऑल्दो'च्या वाक्यात 'बट' हमखास घुसतो.

रोज हे करा:
- छोटी गोष्ट अर्ध्यावर थांबवा आणि पुढचा भाग १५० शब्दांत स्वतः लिहा. चीनच्या काओखाओ या विद्यापीठ प्रवेश परीक्षेत अनेक प्रांतांत असाच प्रश्न असतो.
- पहिल्या फेरीत फक्त क्रियापदं तपासा, दुसरीत फक्त नामांच्या आधी काय आलंय ते. सगळं एकदम तपासलं की काहीच सापडत नाही.
- मग मूळ गोष्टीचा शेवट उघडून ताडून पाहा.

मात्र ओळीला चार-पाच शब्द अडत असतील तर हे इतक्यात नको. आधी महिनाभर सोपी पुस्तकं वाचा.