डोळ्यांखालच्या सावल्या

प्रश्न : शिवाजी पार्कात दुपारी १२ वाजता बहिणीचे फोटो काढले. डोळ्यांखाली काळ्या सावल्या आल्या. एडिटिंगमध्ये पुसल्या, तर चेहरा मेणाचा दिसतो. काय करू? – एक वाचक, दादर

उत्तर : डोक्यावरच्या उन्हात भुवयांची सावली डोळ्यांत पडणारच. दुपारीच काढायचे असतील तर बहिणीला झाडाच्या दाट सावलीच्या कडेला, तोंड उजेडाकडे करून बसवा. चेहऱ्यावर कवडसे नकोत. मांडीवर पांढरं कापड पसरा. माझ्या आईचा फोटो काढताना मी धुतलेला पंचाच पसरला होता. खालून उजेड आला आणि तिचे डोळे उजळले. बुबुळात पांढरा ठिपका दिसला की क्लिक करा. खांदे तिरके, हनुवटी जरा पुढे. रिटचिंगमध्ये मुरूम काढा, पण तीळ आणि हसण्याच्या रेषांना कृपा करून हात लावू नका.